तुझ्या पाण्यात पाइनची झाडं कुठून आली?

पत्र थोडक्यात असं आहे :

‘ताई, मी चोवीस वर्षांची. इंटिरियरचा डिप्लोमा करून घरूनच रेंडरची, म्हणजे घर बांधण्याआधी ते कसं दिसेल याची संगणकावर चित्रं करण्याची, कामं घेते. मॉडेल स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये, रेंडर ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनमध्ये. नाशिकच्या गंगापूर रोडच्या पुढे एका फार्महाऊसचं काम आलंय. अंगणात काळ्या दगडाची वॉटर बॉडी आहे, नऊ इंच खोल, तळाशी नदीचे गोटे. मागे सहा फुटी भिंत, तिच्यावरून पाण्याचा पडदा पडतो. भिंतीचं तोंड उत्तरेला. दोनदा रेंडर पाठवलं. पहिल्यांदा क्लायंट म्हणाले, हे पाणी नाही, निळं प्लॅस्टिक अंथरलंय. दुसऱ्यांदा त्यांच्या आईंनी फोन हातात घेतला आणि विचारलं, “पाण्यात ही कसली झाडं गं?” मला उत्तर देता आलं नाही. लॅपटॉपला ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. भाऊ म्हणतो नवीन मशीन घे, दीड लाख लागतील. मैत्रीण म्हणते फ्लुइड सिम्युलेशनचा कोर्स कर. आधी काय करू? — प्लॅस्टिकवाली, इंदिरानगर’

प्रिय प्लॅस्टिकवाली,

वय लिहिलंस म्हणून एकेरीवर येते, राग मानू नकोस. मशीन घेऊ नकोस. कोर्सही करू नकोस, निदान या कामासाठी तरी नाही. सोबत जोडलेली दोन्ही रेंडरं मी मोठी करून पाहिली. त्यातल्या चुका पैशांनी सुटणाऱ्या नाहीत, त्या टेपने सुटणाऱ्या आहेत. टेपने म्हणजे मोजपट्टीने.

आधी त्या आजींचं. त्यांना माझा नमस्कार सांग, कारण त्यांनी जे पाहिलं ते तुझ्या-माझ्यासारख्यांच्या नजरेतून सहज निसटतं. भिंतीच्या वर तू आपल्याकडचं आकाश लावलंयस, बहुतेक फोटोशॉपमध्ये मागाहून. पण पाण्यातलं प्रतिबिंब रेंडर होताना जे एचडीआरआय (उजेड आणि परिसर देणारं चौफेर छायाचित्र) होतं त्याचंच राहिलं. मोफत एचडीआरआय आपण सगळेच पॉली हेवन या साइटवरून घेतो, नि त्यातले खूपसे युरोपात किंवा दक्षिण आफ्रिकेत टिपलेले असतात. त्यामुळे वर नाशिक आणि खाली पाइनचं रान, असा प्रकार झाला. आकाश बदललंस, पाण्याला सांगायचं राहिलं.

तुझ्या सगळ्या अडचणींची मुळी इथेच आहे असं मला वाटतं. पाणी बनवायला बसलं की आपण पाण्याच्या मटेरियलशी खेळत बसतो. नोड जोडतो, रंग ओततो, चकाकी वाढवतो. पण नऊ इंच स्वच्छ पाण्याला स्वतःचं असं दाखवण्यासारखं फारसं काही नसतं. ते समोरची भिंत दाखवतं, वरचं आकाश दाखवतं, तळाचे गोटे दाखवतं. म्हणजे दहा तासांतले आठ तास पाण्याच्या भोवती घालव आणि पाण्याला दोन दे. तू उलट केलंयस.

आता प्लॅस्टिकचं. माझी पैज आहे की तुझ्या फाइलचं माप चुकलंय. स्केचअपमध्ये काम इंचात, ब्लेंडर मोजतो मीटरमध्ये. आणताना एक इंच म्हणजे एक मीटर धरला गेला तर सगळं मॉडेल एकोणचाळीस पटींहून थोडं जास्तच मोठं होतं. संगणकाच्या पडद्यावर काहीच कळत नाही, कारण घर, भिंत, झाडं सगळीच त्या प्रमाणात वाढलेली असतात. पण तुझी नऊ इंचांची वॉटर बॉडी आता नऊ मीटर खोल झालीय. आणि तू, बरोबरच, पाण्यात व्हॉल्यूम ॲब्सॉर्प्शन, म्हणजे खोलीनुसार प्रकाश शोषणं, लावलंयस. खरं पाणी लाल प्रकाश आधी शोषतं, एका मीटरमध्ये साधारण पाव भाग. नऊ मीटर जायचं आणि तळावरून परत नऊ मीटर यायचं म्हटल्यावर लाल उरणार कुठून? गडद निळं दिसणारच. संगणकाने तुला फसवलं नाही, त्याने नऊ मीटरच्या विहिरीचं प्रामाणिक उत्तर दिलं. खऱ्या नऊ इंचांत निळेपणा जवळपास नसतो. स्विमिंग पूल निळा दिसतो त्यात मोठा वाटा टाइल्सचा असतो, आणि इथे तर काळा दगड आहे.

तेव्हा फाइल उघड, दरवाजाची उंची मोज. सात फूट म्हणजे २.१ मीटर यायला हवी. ८४ आली तर मी पैज जिंकले. सगळं निवडून ०.०२५४ ने लहान कर आणि स्केल अप्लाय करायला विसरू नकोस.

माप चुकलं की लाटाही बिघडतात. पहिल्या रेंडरमध्ये तू लाटा बनवणारा ओशन मॉडिफायर लावलेला दिसतो. नावातच समुद्र आहे गं! मोकळ्या समुद्रावर वारा मैलोन्‌मैल पाणी ढकलत नेतो तेव्हा तशा लाटा उठतात. अंगणातल्या आठ-दहा फुटांच्या पाण्यावर उठतात त्या तरंगांची लांबी काही सेंटिमीटर. साधारण १.७ सेंटिमीटरपेक्षा लहान तरंगांना तर गुरुत्वाकर्षण नव्हे, पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण चालवतो, म्हणून ते बारीक, ताठ आणि दाट दिसतात. समुद्राची लाट लहान करून ठेवली की ती तरंगासारखी दिसत नाही, चुरगळलेल्या कागदासारखी दिसते. क्लायंटना ‘प्लॅस्टिक’ शब्द सुचला तो याच्यामुळेही असेल.

तुझ्या पाण्यात तरंग येतात कुठून? पडद्यातून. म्हणजे भिंतीच्या पायाशी ते उंच आणि गोंधळलेले हवेत आणि तुझ्या कॅमेऱ्याकडे येता येता विरत गेलेले हवेत. तू सगळीकडे एकसारखा नॉइज (अनियमित चढउतारांचा नकाशा) टाकलायस, जणू पाण्याला अंगभर ताप आलाय. भिंतीपासूनच्या अंतराचा एक ग्रेडियंट घे आणि बंपची, म्हणजे पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची, ताकद त्याला बांध. दोन नॉइज एकमेकांवर : एक हाताच्या पंजाएवढ्या तरंगांचा, दुसरा बोटाच्या पेराएवढ्यांचा. अलीकडच्या कडेला जवळपास शांत. या एका बदलाने चित्र निम्मं सुधारेल.

आता एक घरगुती काम सांगते, हसू नकोस. गच्चीवर लोखंडी घमेलं ने, बांधकामावर असतं ते. आत काळी फरशी किंवा काळा दगड ठेव, पाणी भर. जवळ उभी राहून सरळ खाली बघ, मग मागे सरकत जा. पायाशी तळ स्वच्छ दिसेल आणि मागे जाशील तसं तळ पुसला जाऊन आकाश चढत येईल. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. सरळ वरून पाहिलं तर पाणी फक्त २ टक्के उजेड परत फेकतं. डोळा पाच फूट उंचीवर असेल तर साडेआठ फुटांवरचं पाणी ६ टक्के फेकतं आणि अठ्ठावीस फुटांवरचं ३५ टक्के. मटेरियलमध्ये काचेचा १.५ तसाच राहिला असेल, जो बहुतेकांचा राहतो, तर सरळ वरून पाहताना २ च्या जागी ४ टक्के येतात. आकडा लहान वाटतो, पण परतणारा उजेड दुप्पट झाला. आणि हो, पाण्यातला तळ खऱ्यापेक्षा वर आलेला दिसतो, साधारण पाऊण खोलीवर. नऊ इंच सात इंचांसारखे दिसतील. ते सुधारायला जाऊ नकोस, तसंच दिसायला हवं.

आता काळ्या दगडाची गंमत. ओला काळा दगड आलेल्या उजेडातला जेमतेम थोडासाच परत देतो. आकाश मात्र लखलखीत. त्यामुळे ६ टक्के आकाशसुद्धा तळावर मात करतं. पांढऱ्या टाइल्सच्या पूलमध्ये हे होत नाही, कारण तिथे तळच उजळ असतो. तुझ्या क्लायंटने किंवा त्यांच्या आर्किटेक्टने काळा दगड मुद्दाम निवडला असेल तर त्यांना आरसा हवाय, तळातले गोटे नव्हे. त्यांना विचार. आरसा हवा असेल तर कॅमेरा दोन फूट उंचीवर आण, अकरा फुटांवरचं पाणीच ३५ टक्के होईल. गोटे हवे असतील तर कॅमेरा वर ने आणि खाली झुकव. दोन्ही एकाच चित्रात मागू लागले तर अलीकडच्या कोपऱ्यात चार गोटे दाखव आणि पुढे आकाश.

गोटे काळेठिक्कर पडतायत असं तू ताज्या कलमात लिहिलंयस. ते सायकल्सचं जुनं दुखणं आहे. सूर्याचा किरण पाण्यातून वाकून तळापर्यंत पोचणं त्याला फार जड जातं, म्हणून पाणी अपारदर्शक असल्यासारखी सावली पडते. मटेरियलमध्ये लाइट पाथ नोड घे, ‘इज शॅडो रे’ मिक्स शेडरच्या फॅक्टरला जोड आणि सावलीच्या किरणांपुरतं पाणी ट्रान्स्परंट कर. तळ उजळेल. तळावर नाचणाऱ्या प्रकाशाच्या जाळ्या मात्र यातून मिळणार नाहीत. त्या हव्यात तर त्याच ट्रान्स्परंट शेडरच्या रंगाला जाळीचं टेक्स्चर लावून फसवायचं. तुझ्या काळ्या तळावर मला त्या फारशा लागतील असं वाटत नाही.

पाण्याच्या पडद्यावर थोडी थांबते, कारण इथेच बहुतेकांचं हसं होतं. सिम्युलेशन नको म्हटलं ते यासाठी की तुला एक स्थिर चित्र द्यायचंय आणि स्थिर चित्रात पडद्याचा आकार हातानेही काढता येतो. फक्त पाणी पडताना काय करतं ते माहीत हवं. वरच्या कडेला ते सावकाश असतं, म्हणून तिथे पडदा जाड, अखंड, काचेसारखा. सहा फूट खाली येईतो त्याचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या आसपास जातो. पाणी तेवढंच, वेग वाढला, म्हणजे पडदा पातळ होत जाणार, मग फाटणार, मग दोऱ्या होणार, शेवटी थेंब. तू वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची काच उभी केलीयस. ती शॉवरची काच दिसते.

दुसरं, रेशमी धार. ट्युटोरियलवाल्यांना ती फार आवडते. पण तशी धार फोटोत येते ती शटर अर्धा-पाव सेकंद उघडं ठेवल्यावर, संध्याकाळी किंवा भिंगावर काळी काच लावून. तुझ्या रेंडरमध्ये भर दुपारचं ऊन आहे. अशा उन्हात क्लायंटचा फोन फोटो काढेल तो सेकंदाच्या हजाराव्या भागात, आणि तेवढ्यात तळाजवळचं पाणी फक्त ६ मिलिमीटर सरकतं. थेंब थेंबासारखे दिसतील. शटर साठाव्या भागाचं ठेवलंस तर १० सेंटिमीटरची रेघ येते. कडक ऊन आणि रेशमी धार एकत्र पाहिली की डोळ्याला काहीतरी खटकतं, काय ते माणसाला सांगता येत नाही, आणि मग तो ‘खोटं वाटतंय’ म्हणतो.

खाली जिथे पडदा आपटतो तिथला फेस पांढरा असतो तो आतल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे. प्रत्येक बुडबुडा उजेड इकडेतिकडे उधळतो. पावसाळ्यात सोमेश्वरचा धबधबा बघितला असशीलच. पुराच्या दिवसांत पाणी गढूळ असतं, पण पडताना त्याच पाण्याला पांढरी झालर येते. फेसाला पारदर्शक पाण्याचं मटेरियल लावू नकोस. मॅट पांढरं लाव, आणि थोडंच.

ओलावाही राहिलाय. तुझी भिंत पडद्यामागे आणि पडद्याबाहेर सारखीच कोरडी आहे. ओला दगड गडद दिसतो, कारण पाण्याच्या पातळ थराखालून बाहेर निघू पाहणारा उजेड पुन्हा आत फेकला जातो आणि दगड त्याला आणखी एकदा शोषतो. म्हणून ओल्या भागात रंग उतरव आणि रफनेसही (खरखरीतपणा) उतरव, दोन्ही. पाण्याच्या रेषेवर दोन-तीन इंचांची ओली पट्टी, तिच्यावर बोअरच्या पाण्याचे क्षार बसून आलेली पुसट पांढरी कड, पडद्याच्या दोन्ही बाजूंना उडालेले शिंतोडे. काळाराम मंदिराच्या आवारात पाऊस थांबल्यावर जा, काळ्या पाषाणात ओल कशी वरून खाली सुकत येते ते तासभर फुकट शिकायला मिळेल.

सूर्याबद्दल मला स्वतःची फजिती सांगावी लागेल. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका बिल्डरसाठी मी कारंज्याचं मोठं होर्डिंग केलं होतं. चित्र झकास झालं, छापलं, चढवलं. आठवड्याभरात सकाळी फिरायला जाणाऱ्या एका आजोबांनी साइट ऑफिसात येऊन विचारलं, “तुमच्या सोसायटीत डिसेंबरात ऊन उत्तरेकडून येतं का हो?” लॉनवर दव, शाली पांघरलेली माणसं आणि उत्तरेची भिंत उन्हात न्हालेली! होर्डिंग उतरलं नाही, पण माझं पुढचं काम गेलं.

तुझ्या भिंतीचं तोंड उत्तरेला आहे म्हणून नीट ऐक. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात त्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. मार्चच्या २१ तारखेपासून सप्टेंबरच्या २३ पर्यंत सकाळी-संध्याकाळी तिरपं पडतं. भर दुपारचं ऊन तिला मिळतं ते साधारण २१ मे ते २३ जुलै या काळातच, तेव्हा मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि त्यातले बरेच दिवस ढगांतच जातात. शिवाय आपली मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७३.८ अंशांवर, म्हणून पस्तीसेक मिनिटं उशीर, ऋतूनुसार थोडं मागेपुढे.

तुला मी मे महिन्याच्या मध्यातली सकाळचे आठ ही वेळ सुचवते. सूर्य तेव्हा पूर्वेपासून बारा अंश उत्तरेला आणि क्षितिजापासून पंचवीसेक अंश वर असतो. भिंतीला ऊन अगदी घासून जातं, दगडाचा प्रत्येक टाका उठून दिसतो, आणि तेच ऊन पडद्यात आडवं शिरून थेंब पेटवतं. क्लायंटना हे खरंही वाटेल, कारण घर झाल्यावर खरोखर असंच दिसेल. ब्लेंडरच्या स्काय टेक्स्चरमध्ये सूर्याची उंची आणि दिशा हे आकडे थेट भरता येतात. धुळीचा आकडा थोडा वाढव, मे महिन्यातलं आपलं आकाश कोऱ्या निळ्याचं नसतं, क्षितिजाकडे पांढुरकं होत जातं.

मग पाइनच्या जागी काय? साइटवर जा. कॅमेरा जिथे ठेवणार तिथे उभी राहून भिंतीच्या दिशेने फोनवर पॅनोरमा काढ. तो एका मोठ्या पाटीवर लावून भिंतीच्या मागे उभा कर, रेंडरच्या आतच, फोटोशॉपमध्ये नाही. उजेडासाठी आकाश आणि सूर्य वेगळे आहेतच, पॅनोरमाचं काम फक्त दिसणं आणि प्रतिबिंबात उतरणं. शेजारचा कडुलिंब, विजेचा खांब, लांबची डोंगराची कड पाण्यात दिसली की त्या आजी ओळखतील. खांब पुसून टाक म्हणाले तर पुस, पण पाटीवरचा पुस म्हणजे पाण्यातलाही जाईल.

अंगणातल्या झाडांचंही तेच. लायब्ररीतले ओक आणि बर्च काढून टाक. चाफा, कर्दळ, केळ, बांबू एवढी चार झाडं नीट करून ठेवलीस तर नाशिकमधली पुढची कितीतरी कामं त्यावर निघतील. पानांना थोडं ट्रान्सलुसंट दे, मागून ऊन आल्यावर पान पेटलेलं दिसतं. चाफ्याची दोन फुलं पाण्यावर टाक. दोनच. दहा टाकलीस की हॉटेलची लॉबी होते.

४ जीबीचं सांगते आणि थांबते. ४के टेक्स्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ ठिपके, प्रत्येकाचे चार बाइट, एकाला ६४ एमबी. सोळा नकाशे झाले की १ जीबी गेली. एकेका मटेरियलला रंग, रफनेस, नॉर्मल असे तीन-चार लागतात, तेव्हा चार-पाच मटेरियलमध्येच ती जाते. दूरच्या सगळ्या गोष्टींना २के लाव, खर्च चौथाईवर येतो. झाडं कॉपी करू नकोस, इन्स्टन्स कर, म्हणजे शंभर कर्दळींना एकीचीच मेमरी लागते. चित्रातले दाणे पुसणारा डिनॉइजर वापर, पण सॅम्पल (प्रत्येक ठिपक्यामागचे किरण) फार कमी ठेवलेस तर तो बारीक तरंग पुसून पाण्यावर मेण ओतल्यासारखं करतो. रात्री रेंडर लावून झोप. मशीन दीड लाखाचं असतं तरी पाइनची झाडं तीच आली असती, फक्त लवकर.

क्लायंट पावसाळ्याचंही चित्र मागतायत म्हणालीस. अंगणातलं पाणी तेव्हाही स्वच्छच राहील, ते पंपाचं आहे. मागे नदी दाखवायची असेल तर मात्र पारदर्शक पाण्याचा मोह टाळ. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढणारी गोदावरी चहाच्या रंगाची असते, त्यात बोटभर आतलं दिसत नाही. साधं मातकट अपारदर्शक मटेरियल, अपवर्तनांक १.३३, वर लांबट तरंग. रेंडरही झटपट होतं.

आणि तिसऱ्या रेंडरचे पैसे माग. पहिल्या दोनचे नको, त्यात चूक आपली होती. पण आरसा की गोटे, सकाळ की संध्याकाळ, हे त्यांच्याकडून लिहून घेतल्याशिवाय फाइल उघडू नकोस. व्हॉट्सॲपवर दोन ओळी चालतील. दरवाजा ८४ निघाला का तेवढं मला कळव.